सात नंबरची हाक

खांडीची हाक आली तेव्हा सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. जोळघरातला भोंगा वाजला आणि त्याबरोबर आंबेखारच्या तिन्ही पाड्यांतला प्रत्येक फोन. तिथल्याच माडीवर भारती मोकल खिडकीशी आली. रस्त्यावरून माणसं धावत निघाली होती, कोणी चहाचा कप तसाच टाकून, कोणी अर्धी दाढी करून. बायकांनी पदर खोचले होते, डोक्यावर घमेली होती. कुठे, असं कोणी कोणाला विचारत नव्हतं. फोनवर लिहिलेलं होतं: उघाडी तीन.

आंबेखारची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहेत. मधे पाच किलोमीटरचा मातीचा बांध आणि बांधात अकरा दारं. त्या दारांना उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं, भरती चढायच्या आत ती बंद करायची. बांध फुटून जे भगदाड पडतं ती खांड. तिच्यातून खारं पाणी आत आलं की उभं पीक तर जातंच, पण मातीत मीठ बसतं आणि पुढची तीन वर्षं भाताचं रोप तिथे जीव धरत नाही. तिन्ही पाड्यांनी मिळून बांध राखायचा या रीतीला जोळ म्हणतात. एरवी घरटी एक माणूस बांधाला द्यायचा. खांडीची हाक आली की घरातले सगळे.

त्या दिवशी कोजागरी होती. पौर्णिमेचं उधाण, दुपारी बारा चाळीसला पाणी सगळ्यांत वर येणार होतं. भात पिवळं पडलं होतं. आठ दिवसांत कापणी.

भारतीने टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं. अकरापैकी दहा दारं बंद झाली होती. राहिली होती फक्त सात नंबरची उघाडी. ती जागा सगळ्यांत खोल, म्हणून शेवटच्या घडीपर्यंत पाणी तिच्यातूनच काढायचे. ती साडेदहाला बंद व्हायची होती.

दारं आता माणसं हलवत नव्हती. समुद्र वीतभर वर आला, उधाणं अवेळी येऊ लागली, तेव्हा जोळाने मोटारी बसवल्या आणि त्या सगळ्यांवर एक संगणक. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या भारतीने त्या संगणकाचा गाभा लिहिला. शिकलेले लोक त्याला कर्नेल म्हणतात. गावाने त्याला राखण म्हटलं.

राखणीचं काम काय, ते भारतीने पहिल्या सभेत शेतं दाखवून सांगितलं होतं. प्रत्येक शेताला आपापला छोटा बांध असतो, एकाचं पाणी फुटलं तरी शेजाऱ्याचं शेत वाचतं. तसंच इथे. एकेचाळीस घरांचे एकेचाळीस प्रोग्राम, कोणाचा जिताडा माशाच्या तळ्यासाठी, कोणाचा भातासाठी, कोणाचा मिठागरासाठी. प्रत्येकाला संगणकात स्वतःची जागा, आणि दुसऱ्याच्या जागेत डोकवायची बंदी. दाराला कोणी हात लावायचा नाही, राखणीकडे मागायचं. दार तुझंच आहे का, आकडा शहाण्या माणसाचा आहे का, हे राखण बघणार आणि मगच दार हलवणार. वेळही पाळीने. पाळी संपली की बोलणं अर्धं राहिलं तरी पुढच्याची पाळी. एखादा फारच वेड्यासारखं करू लागला तर त्याला उचलून बाहेर ठेवायचा, त्याचा पसारा आवरायचा आणि बाकीच्यांचं काम चालू ठेवायचं. थोडक्यात, राखण कोणावरच विश्वास ठेवत नव्हती, म्हणून गावाने तिच्यावर विश्वास ठेवला होता.

तीन वर्षांत तिने बरंच सोसलं. कोणाच्या प्रोग्रामने दार उणे चार फूट उघडायला सांगितलं. शाळेतल्या ठाकूर गुरुजींचा प्रोग्राम गणपतीच्या दिवसांत एकाच ओळीभोवती गरगरत राहिला. राखणीने त्याला त्याच्या पाळीपुरतं गरगरू दिलं आणि पुढे गेली. अनंत चतुर्दशीपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. गुरुजींना अजून त्यावरून ऐकून घ्यावं लागे.

एक गोष्ट मात्र राखण तपासत नव्हती. हाक.

ती धर्माकाकांची अट होती. धर्माकाका म्हणजे भारतीचे चुलते, जोळाचे मुख्य, वय चौऱ्याहत्तर. भारती आठ वर्षांची असताना तिचे वडील सात नंबरवर खांड बुजवताना वाहून गेले. त्यांनी हाक दिली होती, पण गावाने म्हणे आधी एक माणूस बघायला पाठवला, खरंच खांड आहे का. तो बघून परतेपर्यंत उशीर झाला. ही गोष्ट भारतीने काकांच्या मांडीवर बसून इतक्यांदा ऐकली होती की तिला त्या बघायला गेलेल्या माणसाची पावलंसुद्धा ऐकू यायची. तेव्हापासून गावाचा नियम झाला की हाक देणाऱ्याला पुरावा विचारायचा नाही. आणि खोटी हाक आंबेखारमध्ये कधी दिली गेल्याचं कोणी सांगत नव्हतं.

म्हणून तिने तसंच लिहिलं. कोणत्याही प्रोग्रामने खांड म्हटलं की सगळ्यांच्या पाळ्या थांबतील, बॅटऱ्यांमधली सगळी वीज त्या दारासाठी राखून ठेवली जाईल, गावातला प्रत्येक फोन वाजेल. हाक देणाऱ्यानेच मिटली म्हणेपर्यंत हे चालू राहील. कशावरून, हा प्रश्न हाकेत नव्हताच. ते लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. हे आपण बाबांसाठी करतोय असं तिला वाटलं होतं.

साडेदहा वाजले. सात नंबरच्या दाराने बंद व्हायला वीज मागितली. राखणीने पडद्यावर उत्तर दिलं: हाक उभी आहे, थांबा.

भारतीने हाकांची रांग उघडली. तिथे एक ओळ असायला हवी होती. तिथे बाराशे ओळी होत्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत वाढत होत्या. उघाडी तीन, संदेश मोकल, जिताड्याचं तळं. उघाडी तीन, संदेश मोकल, जिताड्याचं तळं. दर सेकंदाला एक. तिने घड्याळ लावून पाहिलं. एकही सेकंद चुकत नव्हता.

खरी खांड रुंदावत जाते. माणूस ओरडताना दम घेतो. ही हाक दम घेत नव्हती.

पण यंत्र खरं पाहूनही एकसारखं ओरडू शकतं, हे तिला कळत होतं. संदेश म्हणजे धर्माकाकांचा मुलगा, तिच्या पाठचा. त्याचं तळं बांधाला लागून. तिथे पाण्याखालून माती सुटली असेल तर वरून काहीच दिसणार नाही. तिने फोन उचलला. हाकेच्या आवाजापलीकडे त्यात काही लागत नव्हतं. तिने कपाटातला जुना वॉकीटॉकी काढला आणि संदेशला हाक मारली.

तीनवर गर्दी होती, ती आवाजावरूनच कळली. संदेश धापा टाकत बोलत होता. दोनशे माणसं आली होती, साठ कमरेइतक्या पाण्यात उतरून पायाने बांध चाचपत होती. भारतीने विचारलं, दिसली का. अजून नाही, तो म्हणाला, पण मशीन सांगतंय ना, खालून असेल. जाता जाता त्याने एक टोमणाही मारला, की तुझ्या राखणीला विचार, ती शहाणी आहे.

रांग सतराशेवर गेली होती. भारतीने नजर उचलून खिडकीतून पाहिलं. खाडीचा रंग बदलला होता. मधल्या धारेत भरतीचं पाणी जोराने आत येत होतं.

आणि परत पडद्याकडे बघताना तिला ती ओळ दिसली. सगळ्या सारख्या ओळींच्या मधे एकच वेगळी. उघाडी सात, खांबावरचं बटण. एक हजार सातशे अडतिसावी. वर सरकली आणि नव्या ओळींनी तिला गिळून टाकलं.

सातच्या खांबावर लाल बटण होतं, यंत्र न येणाऱ्यांसाठी. ते हाताने दाबावं लागे. उधाणाच्या दिवशी सातवर कोण बसतं हे गावात पोरासोरांनाही माहीत होतं. तीस वर्षं एकच माणूस तिथे बसत होता.

तिने सातच्या वॉकीटॉकीवर काकांना बोलावलं. बऱ्याच वेळाने आवाज आला, वाऱ्यात फाटलेला. दार उघडंच राहिलंय, काका म्हणाले, पाणी उंबऱ्याला लागलं, चाक हाताने फिरवतोय. ते चाक फिरवायला चार माणसं लागत. ती तसं म्हणाली. पलीकडून लोखंड करकरल्याचा आवाज आला.

आता सगळं तिच्यापुढे स्वच्छ होतं. खरी हाक रांगेत मागे उभी होती आणि राखण तिच्यापर्यंत कधीच पोचणार नव्हती, कारण पहिली हाक मिटत नव्हती. वीज, माणसं, फोन, सगळं तीनने धरून ठेवलं होतं. भारतीकडे एक किल्ली होती. तिने कोणाचाही प्रोग्राम उपटून फेकता येत होता. पण हाक उभी असताना तो उपटायचा नाही, अशी शपथ तिने भरसभेत घेतली होती. आणि तीनवर पाण्याखाली खरंच खांड असली, तर दोनशे माणसांना तिथून उठवणारी ती असणार होती.

तिने पुन्हा वॉकीटॉकी दाबला.

"संदेश, सातचं दार उघडं आहे. काका एकटे आहेत तिथे. मी तुझा प्रोग्राम काढतेय."

"ताई, थांब. आणि इथे फुटलं तर?"

"फुटलंय का? डोळ्यांनी दिसतंय का काही?"

मग संदेशचा आवाज खाली आला. "तू पुरावा मागतेस? तू? तुझ्या बापाला ज्यांनी..."

"हो," भारती म्हणाली. "मी मागतेय. दिसतंय का?"

तो बोलेना. साठ माणसं इतका वेळ पाण्यात चाचपत होती आणि त्यांतल्या एकालाही, इथे काही नाही, असं म्हणायचा धीर होत नव्हता. तिला ते त्या गप्प राहण्यातूनच ऐकू आलं. तिने किल्ली लावली.

राखणीने आपलं काम चोख केलं. तळ्याचा प्रोग्राम उचलून बाहेर ठेवला, त्याच्या हाका एका झटक्यात झाडून टाकल्या. रांग रिकामी झाली. तिच्यात एकच ओळ उरली. गावातले सगळे फोन क्षणभर गप्प झाले आणि मग पुन्हा वाजले: उघाडी सात.

भारती जिना उतरून धावत सुटली.

ती पोचली तेव्हा मोटार दार खाली ढकलत होती, पण ते पूर्ण बसत नव्हतं. भरतीने आत ओढून आणलेला एक ओंडका उंबऱ्यात अडकला होता आणि त्याच्यामुळे हातभर फट राहिली होती. त्या फटीतून पाणी पिसाळल्यासारखं आत घुसत होतं. धर्माकाका आतल्या बाजूला छातीइतक्या पाण्यात उभे होते. पाठीमागे त्यांनी पेंढ्याने भरलेलं पोतं फटीला लावलं होतं आणि पाय रोवून, पाठ देऊन, ते धरून ठेवलं होतं. डोळे मिटलेले. ओठ निळे.

ती त्यांच्या शेजारी उतरली आणि तिनेही पाठ लावली. पाण्याचा जोर एखाद्या बैलाने ढुशी द्यावी तसा लागत होता. वीस मिनिटांनी तीनवरची पहिली माणसं पोचली, पुढे संदेश. त्याने बापाला पाहिलं आणि चिखलाचं घमेलं पुढे केलं. मग हातांची साखळी लागली. चिखल, पेंढा, पुन्हा चिखल. बारा वाजता फट बुजली. बारा चाळीसला खाडी बांधाच्या काठाशी येऊन थांबली, तिथेच डुलत राहिली आणि मग हळूहळू उतरायला लागली.

एक शेत गेलं. सातच्या अगदी समोरचं, अठरा गुंठ्यांचं. ते भारतीच्या वडिलांचं होतं.

चूक काय होती ती दुसऱ्या दिवशी सापडली. तळ्यातल्या पाण्याची उंची मोजणाऱ्या दांड्यावर कालवं चढली होती. संदेशने ती खरवडली आणि दांडा परत बसवताना चार बोटं वर बसवला. पाणी दांड्याच्या खाली गेलं. त्याच्या प्रोग्रामला शून्याखालचा आकडा ठाऊकच नव्हता. जुन्या स्कूटरचा मीटर शून्यावरून उलटा फिरवला की सगळे नऊ दिसतात, तसं त्याला तळ्यात डोंगराएवढं पाणी दिसलं आणि तो ओरडत सुटला. चूक चार बोटांची. अशा चुका रोज होतात, त्या सोसायलाच तर राखण होती. ती सोसू शकली नाही, कारण भारतीने तिला एका जागी डोळे मिटायला शिकवलं होतं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी, पाणी उतरताना, माणसं पांगल्यावर काका बांधावर घोंगडी पांघरून बसले होते. भारती जवळ बसली. ते समोरच्या बुडालेल्या शेताकडे बघत होते.

"बाय, तुझ्या बापाची गोष्ट तुला उलटी सांगितली आम्ही," ते म्हणाले.

मग त्यांनी ती सुलटी सांगितली. कोणी बघायला गेलं नव्हतं. कोणी पुरावा मागितला नव्हता. त्या दिवशी पहिली हाक सातवरून आलीच नव्हती. ती तीनवरून आली होती. तीनवर पाणी झिरपताना दिसलं आणि एका माणसाने जीव तोडून हाक दिली. तिन्ही पाडे तिथे धावले. खांड नव्हती, खेकड्याचं बीळ होतं. पण एवढी माणसं धावून आलेली, मग काही नाही असं म्हणायचं कोणी? शोधत राहिले. तेवढ्यात सातवरून भावाची हाक आली. लोकांना वाटलं, तीच हाक कोणीतरी पुढे देतंय. कोणी वळलंही नाही.

"तीनवरची हाक कोणाची होती?" भारतीने विचारलं, पण तिला आधीच कळलं होतं.

"माझी."

बुजवलेल्या फटीतून अजून थोडं पाणी पाझरत होतं, त्याचा आवाज येत राहिला. काका म्हणाले, त्या रात्री जुन्या माणसांनी बसून ठरवलं की भावाचा मृत्यू भावाच्या माथी मारायचा नाही. म्हणून तो बघायला गेलेला माणूस उभा केला. त्याला नाव नव्हतं, त्यामुळे कोणाला त्रास नव्हता, आणि तीनवर धावलेल्या सगळ्यांनी तोंड मिटलं. आणि मग त्या खोट्या माणसावरून नियम झाला.

"आईला ठाऊक होतं?"

"होतं."

भारती उठली. तिने चपला घातल्या नाहीत. खाली शेतात उतरली आणि फावड्याने खारं पाणी बाहेर काढायला चर खणू लागली. अंधार पडेपर्यंत खणत होती. काका बांधावर बसून राहिले. तिने त्यांना घरी जा असंही म्हटलं नाही.

सभा चौथ्या दिवशी झाली. काही जण म्हणाले, हाकच काढून टाका. ठाकूर गुरुजी म्हणाले, आता प्रत्येक हाकेला फोटो मागा. भारती शेवटी बोलली. हाक राहील आणि पुरावाही मागितला जाणार नाही, ती म्हणाली. पण एका जागेची एकच हाक रांगेत उभी राहील, मग ती कितीही वेळा ओरडो. ती आल्यावर जवळच्या दोन दारांची माणसं धावतील, बाकीचे आपापल्या दाराशी राहतील. आणि दार बंद करायची वीज कोणत्याही हाकेला दिली जाणार नाही, मग ती हाक भारतीची स्वतःची का असेना. लोकांना ते पटायला दोन तास लागले, कारण हाक ऐकून जागचं न हलणं हे आंबेखारमध्ये पापासारखं होतं.

"लिहून झालं की ते तपासावं लागेल," ती म्हणाली. "कोणीतरी खोटी हाक द्यावी लागेल."

माणसं पायांकडे बघू लागली. जाणूनबुजून खोटी हाक, तीही सगळ्यांदेखत. संदेशने हात वर करायला सुरुवात केली, तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती धर्माकाकांकडे बघत होती. चार दिवसांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"काका देतील," ती म्हणाली. "तीनवरून."

काकांनी मान वर केली. मग त्यांनी मान डोलावली, आणि जे घडलं होतं ते त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, बसून नाही.

अमावास्येच्या उधाणाला, कापणी झालेल्या रिकाम्या शेतांवर ऊन पडलं असताना, प्रत्येक दाराशी माणसं उभी राहिली. भारती सातवर होती. तिच्याबरोबर संदेश आणि दोन बायका. खाडी चढत होती. सातचं दार खाली उतरायला लागलं, मोटार घुमू लागली, आणि तेवढ्यात फोन वाजले.

खांड. उघाडी तीन.

एका बाईचं पाऊल आपोआप पुढे पडलं. संदेशने घमेलं उचललं होतं, ते त्याने परत खाली ठेवलं. तो हलला नाही. दूर बांधावर दोन आणि चार नंबरची माणसं धावताना दिसत होती, बाकी कोणी नाही. मोटारीचा आवाज जराही बदलला नाही. दार उतरत राहिलं.

भारतीच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

"इथे काही नाही," धर्माकाकांचा आवाज आला. ते श्वास घेण्यासाठी थांबले. "खेकड्याचं बीळ आहे."

"ऐकलं, काका," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच थांबा. आम्ही सात सोडलेलं नाही."

सातचं दार उंबऱ्यावर बसलं.